एफडी ‘मोडायची’ की नाही, हे कोण ठरवतं?

एका जोडप्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं हिंजवडीत नोकरीला, वयं ३८ आणि ३६, राहायला कोथरूड. शेअर बाजार पडला की एसआयपी (फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणं) बंद होते, वर गेला की बोनस एकदम टाकला जातो. तोट्यातले शेअर विकवत नाहीत. नात्यातल्या एजंटकडून घेतलेली एक पॉलिसी डोक्यावर आहे. १२ टक्क्यांचं पर्सनल लोन चालू आहे आणि त्याच बँकेत ७ टक्क्यांची एफडीही पडून आहे. वडिलांनी घेतलेला तळेगावकडचा प्लॉट विकायचा विषय निघाला की घरात आवाज चढतात. शेवटचं वाक्य असं: “हिशेब कळतो, पण ऐन वेळी मन ऐकत नाही. मनावर ताबा कसा ठेवायचा?”

ताबा ठेवायच्या भानगडीत पडूच नका. ऐन पडझडीत ज्यांचा हात थरथरत नाही अशी माणसं आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या धंद्यातही बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तुमच्या हातात आहे ती निर्णयाची वेळ. बाजार शांत आहे, कुणाचा फोन आलेला नाही, दोघांची झोप झालेली आहे, अशा एखाद्या रविवारी ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. गडबडीच्या दिवशी नवं काही ठरवायचं नाही, लिहिलेलं वाचायचं. तुमच्या एकेका दुखण्याला हे कसं लागू पडतं ते सांगतो.

एफडीपासून सुरुवात करू, कारण तिथे भावनेची किंमत रुपयांत मोजता येते. आपण शेअर विकतो, फंडातून पैसे काढतो, पण एफडी मोडतो. लग्न मोडतं, हाड मोडतं, संसार मोडतो, अडीनडीला दागिना मोडतात. शब्दातच अपशकुन असल्यावर हात कसा पुढे होणार? आता आकडे बघा. ५ लाखांच्या एफडीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० व्याज. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ३१.२ टक्के कर, हातात उरले २४,०८०. त्याच वेळी पर्सनल लोनच्या ५ लाखांच्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६०,००० च्या घरात, हप्ते जातील तसं थोडं कमी. म्हणजे ‘आपली एफडी शाबूत आहे’ या समाधानाचं भाडं महिन्याला साधारण ३,००० रुपये.

तरीही सगळी एफडी उद्या काढून लोन फेडा असं सांगणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च (हप्ते धरून) बाजूला ठेवा, वरची रक्कम लोनला लावा. त्याआधी दोन गोष्टी तपासा: एफडी मुदतीआधी काढल्यास किती व्याज कापलं जातं, आणि लोन लवकर फेडण्याचा आकार (शुल्क) किती. पर्सनल लोन बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं आणि हा आकार मंजुरीपत्रात लिहिलेला असतो. दोन्ही वजा करूनही बहुधा फायदाच निघतो. आता मनाची सोय. जो हप्ता वाचला, तेवढ्याच रकमेचं रिकरिंग डिपॉझिट (दर महिन्याला भरायची ठेव) त्याच तारखेला सुरू करा. मोडलेली एफडी पुन्हा उभी राहताना दिसली की तक्रार बंद होते. हे केलं नाही तर वाचलेला हप्ता तीन महिन्यांत खर्चात मुरतो, आणि मग ‘एफडीही गेली आणि हातात काही नाही’ ही तक्रार खरी ठरते.

एकच रुपया मनात वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या या सवयीवर रिचर्ड थेलर यांनी खूप काम केलं आहे. त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात नोटा ठेवायच्या, त्याचंच हे मोठं रूप. डबे वाईट नसतात. मुलीच्या शिक्षणाचा डबा वेगळा असला तर त्याला सहसा कुणी हात लावत नाही, आणि हा फायदा कुठल्याही व्याजदरात दिसत नाही. घोटाळा होतो तो एका डब्यात ७ टक्के आणि दुसऱ्यात उणे १२ टक्के असताना झाकणं बंद ठेवल्याने. म्हणून वर्षातून दोनदा सगळे डबे एका ताटात ओता, हिशेब करा, आणि पुन्हा भरून ठेवा.

आता बाजार. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की नुकसानीचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. १९९२ च्या त्यांच्या अंदाजात ते प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास आलं. पण त्यातून एसआयपी थांबण्यापर्यंतचा रस्ता कसा जातो ते पाहायला हवं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या वर गेला होता. त्या आठवड्यात एसआयपी थांबवणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याला फक्त ‘आत्ता दुखतंय ते थांबव’ एवढंच सुचत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सेन्सेक्सने जानेवारीचा उच्चांक ओलांडला.

पण हे उदाहरण देऊन ‘बाजार आठ महिन्यांत वर येतोच’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा आकडा पाहिला, नोव्हेंबरात तो ८,५०० च्या खाली आला. २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१,००० ला टेकला, घसरला, आणि ती पातळी मागे टाकायला २०१३ ची दिवाळी उलटावी लागली. जवळजवळ सहा वर्षं. म्हणून पाच-सहा वर्षांत लागणारा पैसा शेअरच्या डब्यात नको. घराचं डाउन पेमेंट शेअर फंडात ठेवलेल्या माणसाची भीती रास्तच असते. तिथे मनाला समजवायचं कारण नाही, पैसा हलवायचा.

जोखीम किती सोसवेल हे टक्क्यांत विचारू नका. फॉर्मवर ‘३५ टक्के घसरण चालेल का’ विचारलं की लोक बिनदिक्कत ‘हो’वर खूण करतात. त्याऐवजी कोरा कागद घ्या. समजा शेअर आणि शेअर फंडात मिळून ४० लाख आहेत. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: उणे १४ लाख. खाली लिहा: हे दोन वर्षं असंच राहिलं. आता दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचं की त्या दिवशी मी काय करीन. नवरा-बायकोची उत्तरं फार क्वचित जुळतात. ज्याला कमी सोसतं, त्याच्या आकड्यावर वाटणी ठरवा. एकाला १४ लाख चालतात आणि दुसऱ्याला ८, तर ८ पकडा: ३५ टक्के घसरणीत ८ लाख जायचे असतील तर शेअरमध्ये साधारण २३ लाख हवेत, उरलेले १७ पीपीएफ, एफडी, कर्जरोखे फंड असे कुठेतरी. परतावा थोडा कमी मिळेल. पण पडझडीत रात्री अकरा वाजता घरात होणारं भांडण टळेल, आणि एसआयपी खरं तर त्या भांडणातच बंद पडते.

बंद पडल्याने काय जातं तेही पाहा. २०,००० ची एसआयपी, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) ५० असताना ४०० युनिट मिळत होते. एनएव्ही ३५ झाली की ५७१ मिळतात. नेमके हे ५७१ वाले महिने आपण गाळतो आणि पुन्हा ५२ ला सुरू करतो. थांबवायचं बटण ॲपमध्ये एका टिचकीवर आहे, म्हणून मध्ये अडथळा घाला: एसआयपी थांबवायची तर कारण हाताने लिहायचं, तारीख घालायची, दोघांच्या सह्या, आणि दहा दिवस थांबायचं. नोकरी गेली, आजारपण आलं, ही कारणं चालतील. ‘बाजार पडतोय’ हे कारण कागदावर लिहितानाच ओशाळवाणं वाटतं.

दुसरा उपाय त्याहून स्वस्त: पाहणं कमी करा. रोज ॲप उघडलं तर जवळपास निम्म्या दिवशी लाल रंग दिसणार, आणि प्रत्येक लाल रंगाचं दुःख हिरव्याच्या दुप्पट. वर्षाअखेरीस एकदाच पाहणाऱ्याला २०१२ ते २०२४ या तेरा कॅलेंडर वर्षांत सेन्सेक्स फक्त २०१५ साली खाली दिसला असता. बाजार तोच, त्रास केवढा कमी! (याआधीच्या २००८ आणि २०११ मध्ये वर्षाअखेरीसही लालच होतं, हेही लक्षात असू द्या.) ॲपच्या सूचना बंद करा, ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हटवा, आणि पोर्टफोलिओ पाहायला दोन दिवस ठरवा: गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवा. व्यापाऱ्यांच्या वह्या याच सुमारास बदलतात, आपणही बदलू. शेअरचं प्रमाण ठरलेल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वर-खाली गेलं असेल तरच हात लावायचा.

बोनसचं उत्तर छोटं आहे. आला की तीन दिवसांत लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा फंड) आणि तिथून सहा समान हप्त्यांत ठरलेल्या फंडात. निव्वळ गणिताने एकरकमी टाकणं बहुतेक वेळा सरस ठरतं, कारण बाजार पडण्यापेक्षा चढतो जास्त वेळा. हप्ते करणं ही झोपेसाठी मोजलेली किंमत आहे, आणि तुमचा इतिहास पाहता ती मोजावी.

तोट्यातले शेअर. नफ्यातला पटकन विकायचा आणि तोट्यातला कवटाळून बसायचं, या सवयीला शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये नाव दिलं. मूळ कारण असं की विकेपर्यंत तोटा ‘कागदावरचा’ असतो. विकला की ‘माझी चूक’ होते. चाचणी एकच. समजा आज रात्री तो शेअर आपोआप विकला गेला आणि सकाळी तेवढी रक्कम खात्यात दिसली. त्याच पैशांनी तुम्ही तोच शेअर पुन्हा घ्याल का? ‘नाही’ असेल तर तो ठेवायला तुमची खरेदी किंमत सोडून दुसरं कारण नाही, आणि ती किंमत बाजाराला माहीतही नसते. विकताना कराचा उपयोग करून घ्या. एक वर्षाच्या आतला तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षावरचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला ८ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल तरच. ‘तोटा बुक केला’ म्हणण्याऐवजी ‘करसवलत घेतली’ म्हटलं की हात सुटतो. मनाला फसवणंच आहे हे, पण चांगल्या कामासाठी. आणि ‘ॲव्हरेज करतोय’ (म्हणजे पडलेला शेअर आणखी घेऊन सरासरी किंमत खाली आणतोय) हे वाक्य घरात ऐकू आलं तर वरची चाचणी दोनदा करा.

आता पॉलिसी. इथली भावना भीती किंवा लोभ नव्हे, भीड आहे. मावसभावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सही झाली. पुढे कुणीतरी ‘तुला फसवलं’ म्हणतो आणि मग रागाच्या भरात सरेंडर, म्हणजे मुदतीआधी बंद करून मिळतील ते पैसे घेणं. ही दुसरी चूक पहिलीइतकीच भावनिक असते. समजा वर्षाला १ लाख हप्ता, मुदत २० वर्षं, ५ हप्ते भरून झालेत, आज सरेंडर केल्यास २.६ लाख मिळतात आणि शेवटी अंदाजे ३२ लाख. सुरुवातीपासून धरलं तर परतावा जेमतेम ४.३ टक्के. वाईटच. पण आज प्रश्न तो नाही. आज तुम्ही २.६ लाख सोडताय आणि पुढचे १५ हप्ते भरताय, त्याचे ३२ लाख. एक्सेलच्या ‘रेट’ फंक्शनमध्ये १५, -१, -२.६, ३२, १ असे पाच आकडे याच क्रमाने घाला; उत्तर ६.४ टक्क्यांच्या आसपास येतं. करमाफीच्या अटींत बसत असेल तर ३० टक्के स्लॅबवाल्याच्या एफडीपेक्षा हे चांगलं. म्हणजे घेतली तेव्हा वाईट असलेली पॉलिसी आज ठेवण्याजोगी असू शकते, कारण तिचा मोठा खर्च पहिल्या वर्षांत होऊन गेलेला असतो.

तुमच्या पॉलिसीचे आकडे वेगळे असतील, म्हणून शाखेतून तीन गोष्टी लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य, पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) मुदतीअखेर मिळणारी रक्कम, आणि चालू ठेवल्यास मिळणारी अंदाजे रक्कम. त्यातली हमी किती आणि बोनसवर अवलंबून किती, हे वेगळं लिहून घ्या. बोनसचा भाग गाळून गणित पुन्हा करा. बंद करायचं ठरलंच, तर आधी टर्म इन्शुरन्स (बचतीशिवायचा निव्वळ आयुर्विमा) हातात येऊ द्या, मग बंद करा. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर तेव्हा कळून उपयोग नाही. पुढच्या वेळी भिडेखातर सही झालीच, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मावसभावाला सांगायचं वाक्यही आधी तयार ठेवा: “आम्ही पैशाचं सगळं पाडव्यालाच ठरवतो.” नकार माणसाला न जाता तारखेवर जातो.

प्लॉटचं प्रकरण नाजूक आहे. समजा दहा वर्षांपूर्वी १२ लाखांना घेतला, आज ३० लाखांचं गिऱ्हाईक आहे. वडील म्हणतात अडीचपट झाले. मुद्रांक, नोंदणी, कुंपण, राखणदार मिळून दीड लाख घातले आणि विकताना २ टक्के दलाली गेली, तर १३.५ चे २९.४ होतात, म्हणजे दहा वर्षांत वार्षिक ८ टक्क्यांच्या किंचित वर, तेही कराआधी. हा हिशेब वडिलांपुढे मांडून कुणी जिंकलेलं नाही. ते प्लॉटची बाजू घेत नसतात, त्या काळी घेतलेल्या निर्णयाची बाजू घेत असतात. शिवाय त्यांचं थोडं बरोबरही आहे. प्लॉटचा भाव रोज फोनवर दिसत नाही, एका टिचकीवर विकताही येत नाही, म्हणून तो दहा वर्षं टिकला. तुमची एसआयपी टिकली नाही.

म्हणून ‘विकायचा का’ हा प्रश्न सहा महिने बाजूला ठेवा आणि कागद साफ करण्याचं काम काढा. ताजा सातबारा आणि फेरफार काढा, एनए (बिगरशेती) आदेश फाइलला आहे का पाहा, हद्दीची शंका असेल तर सरकारी मोजणीचा अर्ज करा, वडिलांचं इच्छापत्र नसेल तर तो विषय त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ठेवायचा असो वा विकायचा, ही कामं लागतातच, आणि ती वडिलांसोबत करता येतात. मोजणीच्या दिवशी हद्दीचा दगड सापडत नाही किंवा शेजाऱ्याचं कुंपण दोन फूट आत आलेलं दिसतं, तेव्हा प्लॉट सांभाळायचा त्रास त्यांना तुमच्याआधी दिसतो. विकायचं ठरलंच, तर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीवर निवासी व्यक्तीला १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यातला कमी कर लागतो. दोन्ही काढून घ्या. आणि पैसे आले तर कशाला लावायचे ते आधी बोला. ‘नातीच्या शिक्षणाला’ असं नाव असलेल्या पैशासाठी जमीन सोडणं वडिलांना जड जात नाही, ‘फंडात टाकू’ म्हटलं की जातं.

त्यांच्या ठेवींचंही एकदा पाहा. पुण्यात ‘आपली बँक’ ही भावना पिढ्यानपिढ्या आहे. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना गेला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते शहराने पाहिलं आहे. एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून २० लाख एका ठिकाणी ठेवलेत का, एवढं विचारा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. लाज. एफ अँड ओमधला (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांतला) तोटा किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी जोडीदारापासून लपवलेली असली, तर वरचं काहीच चालत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास. म्हणजे लपवणारा एकटा नाही. दोघांनी एकाच संध्याकाळी आपापला क्रेडिट रिपोर्ट (कर्जांची नोंद; प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षाला एक फुकट मिळतो) आणि म्युच्युअल फंड-डीमॅटचं एकत्रित विवरणपत्र काढून टेबलावर ठेवायचं. त्या संध्याकाळी प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त यादी करायची. बोलणं दुसऱ्या दिवशी. पहिल्याच बैठकीत उलटतपासणी झाली की पुढचं कर्ज नक्की लपवलं जातं.

आता तो कागद. अर्धं पान पुरतं आणि साधारण असा दिसतो:

“शेअर २३ लाख, बाकी १७ लाख. एसआयपी २०,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला. पाहायचं दोन्ही पाडव्यांना. सेन्सेक्स उच्चांकावरून ३० टक्के पडला तर: एसआयपी चालू, नवीन काही घेत नाही, असलेलं काही विकत नाही, टीव्ही बंद. कुणी ‘आजच्या आज’ म्हणालं तर: नाही. ५०,००० च्या वरचा कुठलाही नवा व्यवहार: दोन रात्री थांबून, दोघांच्या होकारानंतर. एफडी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, त्यावरची लोनला.”

तारीख, दोघांच्या सह्या, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. फोनमध्ये ठेवू नका. फोन उघडला की कागदाआधी भाव दिसतात. कागद बदलायला मोकळीक ठेवा, पण बदल लिहिल्यापासून ३० दिवसांनी लागू होईल असं शेवटच्या ओळीत घाला. बाजार पडलेला असताना लिहिलेले बहुतेक बदल तिसाव्या दिवशी लिहिणाराच खोडतो.